मामा, बेगम आणि बडोद्याची गाडी

सेलूच्या एका मंगल कार्यालयात मी माइक हातात धरून "मुलीच्या मामांना विनंती, नवरीला घेऊन लवकर मंडपात यावं" असं तिसऱ्यांदा सांगत होतो, तेव्हा माझे मामा गेल्याचा फोन आला. ही जुळवाजुळव माझी नाही. मी लग्नांत निवेदन करतो, गावात बोलघेवडा म्हणून बदनाम आहे, आणि कुठल्याही प्रसंगाला तिखटमीठ लावायची संधी सहसा सोडत नाही. पण हे असंच घडलं. खिशात फोन थरथरला, मी माइक बाजूला केला, पलीकडून चुडाव्याच्या गोदाबाई म्हणाल्या, "बापू, मामा उठनात. अंग गार पडलंय." मी "बरं" म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. मग माइक परत तोंडाशी नेला, चौथ्यांदा म्हणालो, "मुलीचे मामा..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. समोरच्या पाच-सातशे माणसांना वाटलं, लाइट गेली.

त्याला आता सात आठवडे होतील. एवढ्या दिवसांत चहाच्या हॉटेलात, मांडवांत, गाडीत मी मामांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. लोक हसले, मीही हसलो. पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तेराव्याची पंगत उठल्यावर मामांच्या मुलीनं, उषानं, मला हात धुवायच्या टाकीपाशी गाठलं आणि विचारलं, "दादा, खरं सांग. बाबा माझं घर सोडून का आले?" माझ्या तोंडात त्या वेळी बुंदीचा लाडू होता. मी तो चघळत राहिलो... एवढा मोठा बोलणारा माणूस आणि लाडवाच्या आड लपलो. तिनं पदराला हात पुसले आणि गेली. उत्तर मला माहीत होतं. तेच लिहायला बसलोय. उषा बडोद्याला राहते, तिथं पेपरची ही पुरवणी जात नाही. पण आपल्याकडे कुणीतरी फोटो काढून पाठवतोच.

नारायणमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. रेल्वेत गेटमन. चुडावा स्टेशनजवळच्या फाटकावर त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. गाडी सुटल्याचा फोन आला की फाटक पाडायचं, हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं, आणि शेवटच्या डब्यामागची खूण डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाडी गेली असं मानायचं नाही. त्या फाटकावर बदली माणूस मिळायची कायम मारामार. त्यामुळे मामा कुठंही गेले तरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. माझ्या मुंजीला असेच आले, माझ्या लग्नाला असेच. उषाचं लग्न परभणीला झालं. तिची पाठवणी झाली आणि मामा डोळे पुसत, अंगावरच्या नव्या सदऱ्यानिशी, पॅसेंजर पकडून ड्यूटीवर हजर. रिटायर झाल्यावर त्यांना अडवणारं कुणी नव्हतं, तरी दुसऱ्याच्या घरी त्यांना झोप येत नसे. चार वाजले की ते घड्याळाकडे बघायला लागत, साडेचारला चपला शोधत. मी त्यांची नक्कल करायचो. पाहुणा घोट घोट चहा पितोय आणि त्याचा एक पाय आपोआप चपलेत सरकतोय... मामा ती नक्कल बघून सगळ्यांत जास्त हसायचे आणि हसता हसता उठून निघायचे.

रेल्वेचं क्वार्टर सुटल्यावर मामा आणि मामी चुडाव्यातच गोदाबाईंच्या एका खोलीत राहायला गेले. गोदाबाईंच्या घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडं रान. त्यांच्या कडब्याच्या गंजीत एका मांजरीनं पिल्लं घातली, त्यांतलं एक मामींच्या मागं लागलं. मामींनी तिचं नाव ठेवलं बेगम, कारण ती हात लावू द्यायची नाही आणि जेवायला तिला बोलावून आणावं लागायचं. मामी सहा वर्षांपूर्वी गेल्या. बेगम उरली. यंदा ती सोळा वर्षांची होती. एका डोळ्यात पांढरी झाक, सुळा एकच, पाणी फार प्यायची, आणि उडी मारायच्या आधी उडीचा विचार करत बसायची. मामा शहात्तरचे. त्यांचंही तसंच.

उन्हाळ्यात मामा ओट्यावरून पडले. हाड मोडलं नाही, पण उषानं तेव्हापासून हेका धरला, आता एकटं राहायचं नाही, बडोद्याला माझ्याकडे यायचं. मामा म्हणाले, "बेगमबी येईल." उषा म्हणाली, येऊ द्या की. तिनं एका शब्दानंही कुरकुर केली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. कुरकुर केली ती गावानं. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, ती तिकडं जगायची नाही, असं जो तो सांगून जायचा. गोदाबाई म्हणाल्या, ठेवून जा हितं, माझ्या शेळ्यांत एक मांजर काय जड व्हायलीय. मामांनी मान हलवली नाही. त्यानंतर एकदा आम्ही दोघंच स्टेशनवर बसलो होतो तेव्हा मला म्हणाले, "भाचेबुवा, आधी ती जाणार, मग मी. माझ्या हातानं तिला मातीत ठेवायची अन् मग बिनघोर व्हायचं. तुझ्या मामीला तसं बोलून बसलोय." मी म्हणालो, बेगमला विचारलंय का, तिचा बेत वेगळा असंल. ते हसले नाहीत. माझ्या विनोदावर मामा हसले नाहीत असं क्वचितच झालं असेल.

मग सुरू झाली तयारी. सामानाचा प्रश्नच नव्हता. खाट, लोखंडी कपाट, दोन ट्रंका, भांडी, सगळं टेम्पोत एका फेरीत जाणारं. नियोजन सगळं मांजराचं. टेम्पोत ती नको, खड्डे. मोटारीत नको, तिला ओकारी होते. रेल्वेच. उषानं बडोद्याहून जाळीच्या दाराचा प्लास्टिकचा पिंजरा पाठवला, तो मामांनी "ह्यात पोपट जातो" म्हणून नापास केला. चुडाव्याच्या सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली, वर सरकतं झाकण, तीन बाजूंना भोकं, आत मामींच्या जुन्या लुगड्याची घडी. बाहेर पांढऱ्या रंगानं आपल्या हातानं लिहिलं, बेगम, चुडावा ते बडोदा. मनमाडला एक बदल, जळगावला दुसरा. नियमानं मांजर गार्डच्या डब्यातून जातं. गार्डला आता दुसरं नाव आहे, पण मामा गार्डच म्हणत, आणि त्या लाइनवरचे जुने गार्ड मामांना ओळखत.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या माणसानं आयुष्यभर दोन्ही बाजूंनी खात्री केल्याशिवाय एक गाडी सोडली नाही, तो सोळा वर्षांच्या मांजराला एकदम बडोद्याला नेईल कसा? मामांनी ट्रायल घ्यायचं ठरवलं. कॅलेंडरच्या पानामागं रेघा मारून तक्ता केला. पहिल्या आठवड्यात बेगम नुसती पेटीत बसणार. दुसऱ्यात पेटी स्टेशनवर जाणार, दोन गाड्या बघून परत. मग गाडीत बसून पूर्णेपर्यंत. मग मिरखेल. मग परभणी. मग मानवत रोड. आणि शेवटी सेलू, म्हणजे माझं घर. प्रत्येक वेळी पेटी गार्डच्या डब्यात, मामा त्याला लागून असलेल्या शेवटच्या डब्यात, स्टेशन आलं की उतरून भोकातून आत बघायचं, पाणी पाजायचं, आणि पुढच्या गाडीनं परत चुडावा. मला हे कळलं तेव्हा कोण आनंद झाला म्हणून सांगू. मी दर टप्प्याची बातमी सेलूत प्रसारित करायचो. हॉटेलात लोक चहा सांगायच्या आधी विचारायचे, बेगम कुठवर आली? मी म्हणायचो, काल मिरखेल पार केलंय, परभणीत स्वागताची तयारी सुरू आहे.

प्रवासाआधी तिला तपासून दाखला घ्यायचा म्हणून आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, मी सोबत होतो. आमच्या पुढं दोन म्हशी आणि एक बैल. कागद भरणाऱ्यानं मान वर न करता सवयीनं विचारलं, किती लिटर देते. मामा म्हणाले, "देत न्हाई, पिते." डॉक्टर मात्र भला माणूस. त्यानं बेगमच्या पोटाला हात लावून पाहिलं, किडनी थकलीय म्हणाला, पाणी कमी पडू देऊ नका. आणि ट्रायलची हकीकत ऐकून एक गोष्ट बोलला, की मांजराला गाडीचं काही वाटत नाही, नव्या जागेचं वाटतं. तिला नुसती फिरवू नका, कुठंतरी दोन दिवस मुक्कामाला ठेवा, परकी जागा आपली व्हायला वेळ लागतो हे तिला कळू द्या. मामांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, मुक्काम कशाला, चांगली जायलीय यायलीय. मीही म्हणालो, डॉक्टरला म्हशीचं कळतं. हे माझं वाक्य. तेही लिहून ठेवतो.

सेलूच्या ट्रायलला मी स्टेशनवर दहा-बारा रिकामटेकडे घेऊन उभा होतो. पेटी उतरली, आम्ही ती रिक्षातून घरी आणली. माझी बायको मंगल मांजराच्या वाऱ्याला उभी राहत नाही, पण मामांसाठी तिनं बाजरीची भाकरी आणि बेगमसाठी कोमट दूध ठेवलं होतं. बेगम पेटीतून बाहेर आली, बैठकीत एक चक्कर मारली, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या निवेदनाच्या ठेवणीतल्या कोल्हापुरी चपलेवर शांतपणे कार्यक्रम उरकला. मग स्वतःच्या पायानं पेटीत जाऊन बसली. मामांचा चेहरा असा फुलला जसा उषा पहिल्यांदा शाळेत न रडता बसली तेव्हा फुलला असेल. म्हणाले, बघ, पेटीला आता ती भेत न्हाई, आपलंच घर समजायलीय. मंगल म्हणाली, "मामा, आजची रात्र राहा की दोघं." मामांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार झाले होते. ते गेले.

दिवाळी झाल्यावर टेम्पो सामान घेऊन पुढं गेला आणि मामा बेगमला घेऊन निघाले. सेलूला गाडी दोन मिनिटं थांबते. मी डबा आणि हार घेऊन उभा होतो, हार अर्थात पेटीला घालायला. मामा खिडकीतून म्हणाले, हार राहू दे, पाण्याची बाटली आण. मी धावत बाटली आणली. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून मागं गार्डच्या डब्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. हॉटेलात त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला आणि मोहीम फत्ते झाल्याचं जाहीर केलं.

बडोद्याचं पुढचं मला उषाकडून कळलं आणि थोडं मामांकडून. उषानं काही बाकी ठेवलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीला जाळी मारून घेतली, वाळूचा ट्रे, मऊ गादी, रोज बोंबील. जावईबापूंनी आपलं बुटांचं कपाट दाराबाहेर काढलं. मामांची खाट, कपाट, सगळं त्या खोलीत आधीच मांडून ठेवलेलं. बेगम पोचली, पेटीतून बाहेर आली, खोलीतून एक चक्कर मारली आणि परत पेटीत जाऊन बसली. सगळ्यांना वाटलं, दमलीय. दुसऱ्या दिवशीही पेटीत. तिसऱ्या दिवशीही. खायला ठेवलं तर हुंगून मान फिरवायची, रात्रीत थोडं पाणी प्यायची, बस. ट्रेपर्यंत जाणं तिनं सोडलं, पेटीतच घाण व्हायला लागली, मामा ते लुगडं रोज दोनदा धुवायचे. असंच एकदा उषा खोलीत आली आणि म्हणाली, बाबा, वास यायलाय, खिडकी उघडी ठेवत जा. एवढंच बोलली. कुठल्याही घरात कुणीही बोलेल. मामांनी खिडकी उघडली. तेवढ्या एका वाक्यावर उषा आजपर्यंत झुरतेय.

उषा, आता ऐक.

नवव्या की दहाव्या दिवशी मामांनी मला फोन केला. तुझ्या घराबद्दल चकार शब्द वाकडा नव्हता, उलट जावई लय जीव लावायलेत म्हणाले. बेगमचं सांगितलं. आवाज खाली गेलेला. म्हणाले, "पेटीतून निघना रे. खाईना. झाकणाकडं बघत बसायलीय नुसती. काय झालंय की तिला." मी त्या वेळी हॉटेलात होतो, भोवती चार जण बसलेले, आणि फोन स्पीकरवर होता. तो मी लावला होता, कारण बेगमच्या बातम्या सगळ्यांना ऐकायच्या असत. माझ्या डोक्यात वाक्य आलं आणि आलेलं वाक्य मी आजवर कधी गिळलेलं नाही. मी म्हणालो, "मामा, तुमी तिला सहा वेळा नेलं अन् सहा वेळा परत आणलं. ती परतीच्या गाडीची वाट बघायलीय."

चौघं हसले. मग मामा म्हणाले, "...खरं हाय की." आणि फोन ठेवला.

मी विनोद केला होता, उषा. पण तो विनोद नव्हता, ते निदान होतं, आणि ते मला स्वतःला कळायला तीन दिवस लागले. त्यांना तिथल्या तिथं कळलं. इतक्या ट्रायलींत आम्ही त्या मांजराला प्रवास शिकवला नव्हता, परतणं शिकवलं होतं. पेटीत बसलं की कुठंही गेलं तरी संध्याकाळी घर येतं, एवढंच ती शिकली आणि पक्कं शिकली. हातात झेंडी घेऊन उभ्या आयुष्यात ज्याची एक चूक झाली नाही, त्या माणसाची ही चूक, आणि ती त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाची झाली नसती. दुसऱ्या कुणीही तिला एखाद्या घरी दोन दिवस ठेवून पाहिलं असतं. त्यांना मुक्काम ही गोष्टच ठाऊक नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे. नोव्हेंबर होता, पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. मामा तुला म्हणाले, आपल्या बँकेत स्वतः जाऊन अंगठा देऊन येतो, बेगमलाबी हवापालट. तुला ते खरं वाटलं, कारण अर्धं खरं होतं. तो दाखला त्यांनी दिला. आपण जिवंत असल्याची सही करून आले आणि मला म्हणाले, वर्षभराचं काम झालं.

सेलूच्या फलाटावर ते उतरले तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. पेटी त्यांना उचलवत नव्हती. मी उचलली तर ती हलकी लागली, इतकी हलकी की मी भोकातून आत पाहिलं. आत डोळे होते. घरी आणलं, मंगलनं दूध ठेवलं, झाकण सरकवलं. बेगम बाहेर आलीच नाही. मामा म्हणाले, "हे बी ट्रायलचंच टेसन हाय. हितं कशी उतरंल ती." त्या रात्री ते आमच्याकडे राहिले. त्यांच्या आयुष्यातला माझ्या घरचा पहिला मुक्काम. सकाळी मंगल मला स्वयंपाकघरात म्हणाली, "मामांचे पाय बघितले का? सूज हाय. आधी दवाखान्यात न्या, मांजर पळून जात न्हाई." मी म्हणालो, नेतो. लग्नाच्या तारखा सुरू झाल्या होत्या. त्यातून मोकळं झालो की नेतो, असं ठरवलं होतं. तेही माझ्याच खात्यात लिही.

चुडाव्याची खोली रिकामी होती. चुन्याचा वास, भिंतीवर कपाटाच्या जागी उभा पांढरा चौकोन, खाटेच्या पायांचे चार खड्डे. गोदाबाईंनी एक सतरंजी आणून दिली आणि शेळीचं दूध. मामांनी झाकण सरकवलं. बेगम हळूच बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेनं चालत गेली, जिथं कपाट असायचं तिथं अंग चोरून वळली, जसं कपाट अजून तिथंच आहे. मग खाटेच्या चार खड्ड्यांच्या मधोमध बसली आणि ओरडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ओरडली. दूध अर्धी वाटी प्यायली. मी तोवर दारात उभं राहून मनातल्या मनात हे सगळं कसं सांगायचं याची जुळणी करत होतो, भिंतीचा चौकोन आधी घ्यायचा की मांजराची चक्कर... खरंच सांगतो, मी ते करत होतो. मामा सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. एकाच बाजूनं गाडी सोडायची व्हती तर ट्रायलबी एकाच बाजूनं घ्यावी लागती." मी म्हणालो, काही दिवस राहा, तिला ताजीतवानी होऊ द्या, मग पुन्हा बघू. ते म्हणाले, "आता तिला कुठं न्हेत न्हाई. तिचं झालं की मी जाईन उषाकडं. तिला सांग, खोली मोडू नको."

हे मी तुला सांगितलं नाही. खोली मोडू नको, असं ते म्हणाले होते. तुझ्याकडे परत यायचं होतं त्यांना.

नंतर वीसेक दिवस गेले. गोदाबाई भाकरी द्यायच्या, मामा उन्हात बसायचे, बेगमला मासा मिळावा म्हणून येलदरी धरणावरून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलं होतं. दर रविवारी मी जायचो आणि दर रविवारी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणायचे, जाऊ की. पायांची सूज त्यांनी धोतराखाली झाकली आणि मी झाकू दिली. मग ते लग्न, तो माइक, तो फोन.

लोकांना सांगताना मी दोनदा असं सांगितलं की मामा गेले तेव्हा बेगम त्यांच्या पायाशी बसून होती. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. ते खोटं आहे. गोदाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा खोलीत मामा एकटेच होते, कुशीवर, हात डोक्याखाली. बेगम बाहेर कडब्यावर ऊन खात पडली होती. तिला काही कळलं नव्हतं, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पोचलीस, रडलीस, त्यांना नेलं, तेव्हाही ती तिथंच पडून होती. मामांचं नियोजन असं कोसळलं. आधी ती, मग मी, असं ते म्हणाले होते. झालं उलटं.

तेराव्याला तू तिला बडोद्याला न्यायचं म्हणालीस. गोदाबाई मध्ये पडल्या, म्हणाल्या, पोरी, आता तिला हलवू नको, मी हाय. तू ऐकलंस. त्यानंतर मी रविवारी चुडाव्याला जात राहिलो आणि तू रविवारी संध्याकाळी मला फोन करत राहिलीस. बाबांचं काहीच विचारत नाहीस. फक्त विचारतेस, बेगम जेवली का? आणि मी सांगतो, जेवली. काय जेवली, कुठं बसली, शेळीच्या करडाला कशी फिस्कारली, सगळं रंगवून सांगतो. तू हसतेस. तेवढ्यासाठी मी मंगळवारपासून मनात तयारी करतो.

उषा, गेल्या दोन रविवारी मी तुला जे सांगितलं ते मी रचलेलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात बेगम गेली. गोदाबाई शेळ्या सोडायला गेल्या होत्या, परत आल्या तर ती खोलीत खाटेच्या जागी पडलेली, वाटीत पाणी तसंच. त्यांनी फोन केला तेव्हा मी घरीच होतो, कुठलंही लग्न नव्हतं. पहिल्या गाडीनं गेलो. मामांच्या हातानं व्हायचं ते माझ्या हातानं झालं. कडब्याच्या गंजीमागं, जिथं तिचा जन्म झाला म्हणतात, तिथं खड्डा केला. मला खोदायची सवय नाही, हाताला फोड आले. मामींच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. गोदाबाईच म्हणाल्या, सुटली बिचारी, अन् मामाबी सुटले.

तुझ्या त्या खिडकीच्या वाक्यानं बाबा आले नाहीत. माझ्या वाक्यानं आले. तू खिडकी उघडायला सांगितलीस, मी परतीची गाडी सांगितली. आणि ते मांजरासाठी आले, तुला सोडून नाही. हे तुला तेराव्यालाच सांगायला हवं होतं.

गोदाबाईंनी परवा विचारलं, खोली आता दुसऱ्याला देऊ का. मी म्हणालो, उषा येऊन जाऊ द्या. तर खोली अजून रिकामी आहे. सतरंजी आहे, चुलीवर पाणी तापवून मिळतं, शेजारी शेळ्या ओरडतात. मला काय बोलायचं ते बोल, चार माणसांत बोल, स्पीकरवर बोल. पण ये. आणि राहायला ये. सकाळी येऊन संध्याकाळी परत, असं आता आपल्यात कुणी करायचं नाही.